काचेआडची साडी

सदाशिवरावांनी गाडीचं दार तिसऱ्यांदा ओढून पाहिलं. मग पलीकडचं, मागची दोन्ही, आणि फिरून पुन्हा पहिलंच. चारही दारं घट्ट. किल्ली स्टिअरिंगखाली लटकत होती आणि शेजारच्या सीटवर पिशवीतून अर्धी बाहेर आलेली हिरवी साडी दिसत होती. त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. त्या घ्यायलाच ते उतरले होते.

"अरे देवा," ते म्हणाले आणि कपाळाला हात लावून तिथंच उभे राहिले.

गाडी त्यांची नव्हती, गावातल्या उकंडाची होती. सकाळी किल्ली हातात ठेवताना उकंडाने दोनदा बजावलं होतं, की उतरलास की आतला खटका दाबायचा आणि बाहेरचं हँडल उचलून धरून दार लावायचं. गाडी उघडी टाकून कुठं जायचं नाही. दुसऱ्याची वस्तू वापरताना सदाशिवराव मोठे काटेकोर. खटका दाबला, हँडल धरलं, दार लावलं. किल्ली काढायची तेवढी राहिली. स्वतःची गाडी असती तर उघडीच सोडून गेले असते आणि काही बिघडलं नसतं.

दारव्हा मागे पडलं होतं, दिग्रस अजून पंचवीस किलोमीटर होतं. या फाट्यावरून बंजाऱ्यांच्या तांड्याकडे रस्ता जातो, आणि रस्त्याच्या तोंडाशी हंसाबाईचं दुकान आहे. बिस्किटं, विडीकाडी, आणि एका पेटीत बांगड्या. हंसाबाई बांगड्यांचे पैसे गल्ल्यात टाकून बाहेर आली तर गिऱ्हाईक अजून तिथंच.

"काय झालं भाऊ?"

"किल्ली अंदर राह्यली."

"हात्तिच्या! मंग थांबा ना, माहा माणूस येते शेतातून. थो काढते."

"थांबाले वेळ नाही, बाई."

हंसाबाईने काचेला हाताचा आडोसा करून आत पाहिलं. "साडी कोणाची? लग्नबिग्न हाय का?"

"बहिणीची हाय." सदाशिवरावांनी बांगड्यांचा कागद दुसऱ्या हातात घेतला. "गेली थे. पहाटे."

हंसाबाईने काचेवरचा हात काढला आणि डोक्यावरून पदर घेतला. पुढे काही विचारायची तिला गरज नव्हती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला माहेरची साडी नेसवून नेतात, आणि ती भावाच्या हातची असावी लागते. ती आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. तांड्यात काय, गावात काय, हे सगळ्या बायकांना ठाऊक असतं. तिने आधी सूर्याकडे पाहिलं. तीन वाजून गेले होते आणि दिवस दिवाळीनंतरचे, म्हणजे झपाट्याने मावळणारे. मग ती शेताच्या दिशेने तोंड करून मोठ्याने ओरडली, "अहोऽऽ, लवकर या!"

तिकडे दिग्रसच्या पलीकडच्या गावात तानाबाई सकाळपासून ओसरीत निजलेली होती. सदाशिवरावांची ही एकुलती एक बहीण, त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. भावकीतली माणसं सकाळच्या बसने पुढे गेली होती. राळेगावात साडीचं दुकान अकराशिवाय उघडत नाही म्हणून सदाशिवराव मागे राहिले. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन चार दिवसांपूर्वीच झालेलं, ती घरीच. वाटेत तिचा फोन आला, "चुडा घेतला का हो?" तो घेतलाच नव्हता. अकरा वर्षांत बहिणीसाठी काही घ्यायची सवयच राहिली नव्हती.

हो, अकरा वर्षं. सदाशिवरावांना आपली मुलगी बहिणीच्या आयुषला द्यायची होती. मामाची मुलगी, घरातल्या घरात. त्यांनी मनात मांडवही घालून टाकला होता. तानाबाईने एवढंच म्हटलं, "दादा, पोराचं मन दुसरीकडं हाय." झालं. मामा आयुषच्या लग्नाला गेला नाही. बहिणीचे फोन आले, ते उचलले नाहीत. राखी पोस्टाने आली, ती देवघरात पडून राहिली. भाऊबीजेला जाणं बंद झालं. ज्या मुलीसाठी हे सगळं केलं ती वर्ध्याला सुखात नांदत होती, आणि तिलाही या रुसव्याची आता आठवण नव्हती. आठवण एकट्या सदाशिवरावांना होती. आपल्याला कोणी एक शब्द ऐकवावा हे त्यांना जन्मात सोसलं नव्हतं, आणि 'नाही' हा तर फारच जड शब्द.

हंसाबाईचा नवरा रामसिंग आला. पासष्टीचा, काटक माणूस. कापसाची वेचणी सोडून आला होता, दंडाला बोंडाची टरफलं चिकटलेली. त्याने कुठूनतरी लोखंडी तार आणली, टोकाला आकडा केला आणि काचेच्या रबरातून आत सरकवली. तार खटक्याला लागायची आणि घसरायची. दहा मिनिटं झाली, वीस झाली. सदाशिवराव बाजूला उभे राहून साडीकडे पाहत होते. इतक्या जवळ होती की काठावरच्या वेलीची पानं मोजता आली असती.

"नाही होत," रामसिंग घाम पुसत म्हणाला. "काच फोडा लागते. मागची फोडतो, म्हणजे साडीवर पडणार नाही."

"काच नको."

"काहून?"

"दुसऱ्याची गाडी हाय."

त्यांनी उकंडाला फोन लावला. उकंडा आधी तानाबाईसाठी हळहळला, मग गाडीची गोष्ट निघताच त्याचा आवाज बदलला. "काच फोडू नको बरं, सदाभाऊ. मी दुसरी किल्ली घेऊन मोटरसायकलनं निघतो. तीन तासांत पोचतो."

तीन तासांत अंधार पडला असता. सदाशिवरावांना हे कळत होतं, तरी ते "बरं" म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

हंसाबाई एकदम तडकली. "बरं? बरं काय म्हणता भाऊ? तिकडं ते माय वाट पाहून राह्यली अन् तुम्ही इथं किल्लीची वाट पाहता?"

"उकंडा जन्मभर बोलून दाखवंल, बाई. गावात तोंड दाखवता येणार नाही मले."

"मंग इथंच राहा तोंड घेऊन!" ती म्हणाली, आणि लगेच वरमली. दुकानात जाऊन पाण्याचा गडवा घेऊन आली. सदाशिवरावांनी तो घेतला, पण प्यायले नाहीत. बाई खोटं बोलली नव्हती. गाडीच्या काचेचं एक निमित्त होतं. मनातून त्यांना त्या ओसरीत जायचीच भीती वाटत होती. तानाचा चेहरा पाहायची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त जिवंत चेहऱ्यांची. जावा असतील, नणंदा असतील. आला बाई भाऊ, मेल्यावर आला, असं कोणीतरी म्हणेलच.

फोन वाजला. तानाबाईची मुलगी, अर्पिता. पहाटेपासूनच्या रडण्याने आवाज बसलेला.

"मामा, कुठलोक आले?"

"येऊन राह्यलो बाई. दारव्ह्याच्या अलीकडं... नाही, पलीकडं. गाडी जरा..."

"घाई नोका करू मामा. तुम्ही सावकाश या. मोठी आई म्हणते, दिवस बुडाच्या आत न्या लागते. माहेरची साडी घरातच हाय, मंग कायले ताटकळत ठेवाचं?"

"कोणती साडी?"

"तुम्ही पाठवलेली. यंदाच्या भाऊबीजेची. हिरवीच हाय, घडीसुद्धा नाही मोडली तिनं."

सदाशिवरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी पाठवलेली?"

"दरसाल पाठवता ना मामा तुम्ही! दिवाळी झाली की आई दिग्रसच्या बजारात जाये अन् येतानी साडी घेऊन ये. म्हणे, मामाले यायले जमत नाही, पण स्टँडवर माणसाजवळ साडी पाठवली. मंग साऱ्या घराले दाखवे. मोठ्या आईले, काकूले. म्हणे, पाहा, माह्या भावाची निवड." अर्पिताचा आवाज फुटला. "आम्हाले तर वाटे तुम्ही आयुषदादाच्या लग्नाचा राग धरून बसले. पण आईनं कोणाले एक शब्द बोलू नाही देल्ला तुमच्याबद्दल. तर तेच साडी नेसवू ना मामा? तुमच्याच हातची हाय थे."

रस्त्यावरून पुसदची बस गेली. अर्पिता "मामा? मामा?" करत होती. त्यांच्या डोळ्यांपुढे दिग्रसच्या बाजारातलं कुठलंसं दुकान आलं. तिथं ताना एकटी बसली आहे, हिरवं काढा, जांभळं काढा म्हणते आहे, आणि कमरेच्या पिशवीतून आपल्याच कापूस वेचणीचे पैसे काढून देते आहे. अशी अकरा वेळा. त्यांना हुंदका आला आणि तो त्यांनी आवरला नाही. रस्त्याच्या कडेला, परक्या नवराबायकोसमोर, ते मोठ्याने रडले.

हंसाबाईने रामसिंगकडे पाहिलं. रामसिंग दुकानामागे गेला आणि लोखंडी सब्बल घेऊन आला.

"आना," सदाशिवराव म्हणाले.

"द्या, मी फोडतो. तुम्हाले लागंल."

"नाही. मलेच फोडू द्या."

त्यांनी फोन तसाच चालू टपावर ठेवला, धोतराचा सोगा खोचला आणि मागच्या काचेवर सब्बल मारली. पहिल्या फटक्याला नुसती जाळी उठली. दुसऱ्याला सगळी काच आत कोसळली. त्यांनी हात आत घालून मागचं दार उघडलं, मग पुढचं. मनगटावर दोन ठिकाणी रक्त आलं. हंसाबाईने पदराच्या टोकाने ते पुसलं आणि बांगड्यांचा कागद साडीच्या पिशवीत ठेवला.

टपावरून बारीक आवाज येत होता. "मामा! काय फुटलं? मामा, बरे हा ना तुम्ही?"

त्यांनी फोन उचलला.

"काही नाही बाई, काच होती. ऐक. थे साडी नेसवू नोका. थे तू आपल्याजवळ ठेव, तुह्या मायनं घेतलेली हाय." त्यांनी साडीची पिशवी काखेत धरली. "मी साडी घेऊन येऊन राह्यलो. तासाभरात पोचतो. पहिलीच हाय अर्पिता. अकरा वर्षांत पहिलीच."

पलीकडे मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं, आणि कोणीतरी विचारत होतं, काय म्हणतो भाऊ, नेसवायची का घरातली?

"नाही," अर्पिता त्या बायकांना म्हणाली. मग फोनवर, अगदी हळू, "या मामा. आम्ही थांबतो."