माझ्या दोन खिडक्या आणि भुजंगचा टँकर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या काही कळांवरची अक्षरे बोटांनी घासून पार पुसून गेली आहेत, तरी लिहिणाऱ्याचे काही अडत नाही. हैदराबादच्या एका कचेरीत मी पत्रे टाईप करत असे. तिथे नवी यंत्रे आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथली धूळ खात मी किती काळ पडलो होतो, कुणास ठाऊक! एके दिवशी उदगीरचे चंद्रप्पा आले आणि मला पोत्यात गुंडाळून एसटीने घेऊन गेले.

चंद्रप्पांचे लग्नपत्रिका छापण्याचे दुकान होते. माझ्यापुढे बसायची ती सिंधु. ती बिलोलीची. तिचा स्वभाव भारी चौकस. एखादी कळ दाबली की असे का झाले, हे समजल्याशिवाय ती जेवायला उठत नसे. मला ती फार आवडायची.

लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. आडांचा तळ दिसू लागला होता. उदगीरच्या व्यापाऱ्यांनी मिळून आसपासच्या वाड्या-वस्त्यांसाठी टँकर सुरू केले. कोणत्या गावी टँकर कुठे थांबणार, हे सिंधु 'फेरी' नावाच्या फाईलमध्ये लिहायची आणि टँकरवाल्यांना त्याचा छापील कागद आधीच द्यायची. मग एक आज्ञा दिली, की गावकऱ्यांच्या मोबाईलवर निरोप जायचे. "आमच्या दुकानातला म्हातारा लई कामाचा निघाला," असे चंद्रप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. म्हातारा म्हणजे मीच!

त्याच सुमारास उदगीर जिल्हा व्हावा म्हणून गावात बैठका चालल्या होत्या. नवा जिल्हा झाला तर टँकर कसे फिरतील, याचा नमुना काही मंडळींना हवा होता. सिंधुने 'नवा जिल्हा' असे वेगळे फोल्डर केले. त्यातल्या फाईलचे नावही तिने 'फेरी'च ठेवले. माझ्या पडद्यावर तिने दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. डावीकडे खरी फेरी, उजवीकडे नमुना.

आता एक बारकी गोष्ट सांगतो. लिहिण्याचा प्रोग्राम नेहमी कुठल्या तरी फोल्डरमध्ये उभा असतो. त्याला फाईलचे नुसते नाव सांगितले, तर तो जिथे उभा असेल तिथलीच फाईल उचलतो. उजव्या खिडकीत काम करताना सिंधुने त्याला 'नवा जिल्हा'मध्ये जायला सांगितले. मग ती डाव्या खिडकीत आली, समोरचा खरा मजकूर नीट वाचला आणि 'फेरी' एवढेच नाव देऊन निरोप पाठवून दिले.

थोड्या वेळाने टँकरवाल्या भुजंगचा फोन आला. "ताई, मी टाकळवाडीला चावडीपुढं उभा हाव. हितं चिटपाखरू न्हाई. पाणी आडात सोडून देऊ का?"

"नका हो दादा! आड फुटलाय, सगळं पाणी मुरून जाईल. थांबा जरा."

सिंधुने माझ्याकडे पाहिले. डाव्या खिडकीत 'चावडी' असेच लिहिलेले होते. तेवढ्यात टाकळवाडीच्या पार्वतम्मांचा फोन आला.

"पोरी, आमी समदे फाट्यावर वाट बघून राहिलोत. लेकरं उन्हात तळमळायलीत. टँकर कुठं हाय?"

"चावडीपुढं आहे, काकू!"

"मंग फाट्यावर या म्हणून कशाला कळवलं?"

सिंधुने उजव्या खिडकीकडे पाहिले. फाटा तर नमुन्यात होता! तिने भुजंगला टँकर फाट्यावर न्यायला सांगितले. "पुढच्या गावाला उशीर होईल की," तो म्हणाला.

"त्यांना मी सांगते. आधी लेकरांना पाणी द्या."

मग तिने आणि चंद्रप्पांनी गावोगावी फोन लावले. गिऱ्हाईक दारात ताटकळत उभे राहिले. काही गावांना पाणी पोचायला दिवस कलला, पण एकही टँकर भरलेला परतला नाही.

सिंधुने डबा उघडला नाही. डोळ्यांसमोर बरोबर असलेले चुकीचे कसे गेले, हेच तिला कळत नव्हते. तिने डाव्या खिडकीत विचारले, 'तू कुठे उभा आहेस?' उत्तर आले, 'नवा जिल्हा'. उजव्या खिडकीत विचारले. तेच उत्तर!

"अप्पा, एकीत फोल्डर बदललं की दुसरीतही बदलतंय," ती ओरडलीच.

"म्हंजी खिडक्या दोन अन् उंबरा एकच?" चंद्रप्पा म्हणाले.

सिंधुला हसू फुटले. भीती गेली आणि तिच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. एकेक आज्ञा देऊन ती पाहू लागली. शेवटी तिला फक्त त्या एकाच खिडकीचे फोल्डर बदलणारी आज्ञा सापडली. आता डावी खिडकी आपल्या जागी, उजवी आपल्या. तिने पुन्हा पुन्हा इकडून तिकडे जाऊन खात्री केली. प्रत्येक खिडकीच्या तळाला तिच्या फोल्डरचे नावही दिसेल, अशी सोय केली. नमुन्याच्या फाईलचे नावसुद्धा बदलले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पार्वतम्मा दुकानात आल्या. सिंधु उठून उभी राहिली. "काकू, माझ्यामुळं तुम्हाला उन्हात..."

"ते ऱ्हाऊ दे. आमचं गाव ह्याच्यात कुठं हाय, ते दाव."

सिंधुने दोन्ही खिडक्या दाखवल्या आणि काय घडले ते समजावले. पार्वतम्मा वाकून बराच वेळ निरखत राहिल्या. मग त्यांनी डाव्या खिडकीतल्या 'टाकळवाडी' या अक्षरांवर बोट टेकवले.

"जिल्हा कुठलाबी होऊ दे," त्या म्हणाल्या, "पाणी मात्र हितं येऊ दे."

मित्रांनो, त्या बोटाचा ओलसर ठसा माझ्या काचेवर उमटला होता. रोज फडके मारणाऱ्या सिंधुने त्या दिवशी मला पुसले नाही. आमच्यासारख्या जुन्या यंत्रांची धूळ जरूर झाडा. पण आम्हाला एखादी आज्ञा देण्याआधी, आम्ही कुठे उभे आहोत तेही विचारत जा. आम्ही खरे सांगतो. फक्त विचारल्याशिवाय बोलत नाही.