पहिल्या माशाचा झेंडा

टोरमोड म्हाताऱ्याने झेंडा चढवला. तीन उन्हाळे त्याच्या जाळ्यात शेवाळाखेरीज काही आलं नव्हतं आणि आज सकाळी चांगला सहा किलोचा सॅमन लागला होता. त्या खाडीची रीतच तशी: हंगामातला पहिला नदीतला सॅमन मिळाला की घरावर झेंडा चढायचा, आणि ज्याला तो दिसेल त्याने सरळ जेवायला यायचं. मासा साफ करायचा मान घरातल्या धाकट्याचा. या घरात धाकटी म्हणजे त्याची मुलगी ईडुन, वय वर्षं एकेचाळीस.

तिने मासा चिरला आणि सुरी खाली ठेवली. माशाची आतडी पोटाच्या भिंतीला चिकटली होती, मधे पांढरे तंतू. मत्स्यशेतीच्या जाळीदार पिंजऱ्यात सोडण्याआधी पिलांना लस टोचतात, त्याची ही खूण. नदीत जन्मलेल्या माशाचं पोट आतून कसं स्वच्छ असतं. बारा वर्षं पिंजऱ्यांवर काढलेल्या बाईला हे कोणी सांगायला नको होतं.

सहा नंबरचा पिंजरा. गेल्या आठवड्यात तिथलं जाळं हातभर फाटलं होतं. ते तिनेच शिवलं, आणि 'एकही मासा निसटला नाही' या कागदावर सहीही तिनेच ठोकली. आता हे पळपुटे पानगळीच्या दिवसांत नदी चढणार, उरल्यासुरल्या रानटी सॅमनमध्ये मिसळणार, आणि बापाच्या नदीचं बियाणंच बिघडणार. तिला स्वतःची शिसारी आली.

झेंडा बघून पहिला आला तो स्टाइनार. तिच्याच वर्गातला, आता पिंजऱ्यांवरचा साहेब. हातात बटाट्यांची पिशवी. त्याने माशाच्या पोटात डोकावून पाहिलं आणि मागचं दार हलकेच लोटून घेतलं.

"आतडी पक्ष्यांना टाक," तो म्हणाला.

"आणि कळवायचं कोणी?"

"कळव की. मग पिंजरे बंद, तेरा घरं खाडी सोडणार, शाळेला कुलूप. आणि त्या खोट्या कागदावर सही तुझीच." त्याचा आवाज खाली आला. "म्हातारा किती खुशीत आहे बघ. आजचा घास तरी गोड लागू दे त्याला."

तो दुष्ट नव्हता, हीच पंचाईत होती. त्याच्या दोन्ही मुली त्याच शाळेत होत्या. ईडुनने खिडकीबाहेर पाहिलं. मागे डोंगर, पुढे पाणी, पाण्यावर पिंजऱ्यांची काळी वर्तुळं. उद्या सकाळी तिकडे कामाला न्यायला बोट एकच, आणि चालवणारा स्टाइनारच.

तेवढ्यात टोरमोड छोटं पाकीट घेऊन आत आला. पकडलेल्या प्रत्येक सॅमनचे खवले सरकारी तपासणीला पाठवायचे असतात.

"खवले घातलेत. बाकीचं तू लिही ईडुन, माझा चष्मा होडीत राहिला."

तिने वजन लिहिलं. लांबी लिहिली. मग 'रानटी की पाळीव' हा रकाना आला. स्टाइनारची नजर पेनावरून हलेना. तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं: पाळीव. सहा नंबर. जाळं फाटलं होतं.

"सही करा, बाबा."

म्हाताऱ्याने झोकात सही केली, पाकीट चिकटवलं, खिशात घातलं आणि बाहेर गेला. स्टाइनारने बटाट्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि तो खुर्चीत बसला. "काय केलंस हे, ईडुन," एवढंच तो म्हणाला.

खिडकीतून तिला बाप दिसला. तो झेंडा उतरवत होता. नीट घडी घालून तो आत आला आणि त्याने ती टेबलावर ठेवली.

"बाबा, तुम्ही कशावर सही केलीत ठाऊक आहे?"

"चष्मा मला अक्षराला लागतो, शेपटीला नाही. पिंजऱ्यात घासून झिजलेली शेपटी मला जाळ्यातच दिसली होती."

"मग झेंडा कशाला चढवलात?"

टोरमोडने स्टाइनारपुढची पिशवी ओढली आणि तो बटाटे सोलायला बसला.

"तू काय लिहितेस ते मरायच्या आधी बघायचं होतं."