काळ्या घरावरचा राजा

मी काळा राजा बोलतोय. तोच, डोक्यावर जर्दाळूची बी बसवलेला. येरेवानच्या या अंगणात मला सगळे ओळखतात.

होवसेपनं मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं, तेव्हा माझा मुकुट चांगला नक्षीदार होता. पुढे त्याची नात आर्पिने, सहा वर्षांची, बुद्धिबळाचा एक डाव हरली आणि तिनं मला भिंतीवर फेकून मारलं. मुकुट गेला. होवसेप रागावला नाही. खाल्लेल्या जर्दाळूची बी घासून त्यानं माझ्या डोक्यावर बसवली अन् म्हणाला, "आता मांड परत."

ती मांडत राहिली. आता परदेशी खेळते, मोठमोठ्यांशी. तिच्या येत्या सामन्यांचा कागद इथं झाडाच्या खोडाला टाचलेला असतो. गेल्या स्पर्धेतल्या शेवटच्या डावापुढं लिहिलं होतं, काळी मोहरी. आदल्या दिवशी ती फोनवर आजोबाला म्हणाली, "पापिक, उद्या जिंकले तरच जगज्जेतेपदाच्या लढतीत जागा. नाहीतर खेळ सोडते. थकले मी."

तिचं ते बोलणं होवसेपला लागून राहिलं.

त्यात नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर पट्टी, दुसरा अंधूक. म्हणून डावाच्या दिवशी सामना दाखवणारा फोन त्याच्या बायकोच्या, शुशानच्या हातात. तिला यातलं ओ की ठो कळत नाही. ती सांगेल तशी आमच्या पटावर मोहरी सरकवायला शेजारचा ग्राचिक, आयुष्यभर फासेच टाकत आलेला.

"पांढऱ्याचा घोडा पुढं आला," शुशान म्हणाली.

"कुठं पुढं?" होवसेपनं विचारलं.

"पुढं म्हणजे पुढं. घोडा काय मागं चालतो?"

"या खेळात चालतो, बाई."

चौथ्या तासाला मी कोपऱ्यात दडून होतो आणि पांढरा वजीर दोन घरांवर. तेवढ्यात फोनमधलं चित्र अडकलं. नुसतं चाक फिरत राहिलं. कॉफी गार झाली. मेलेलं प्यादं होवसेप बोटांत घोळवत होता.

"आलं," शुशान म्हणाली. "अगोबाई, खुर्च्या रिकाम्यात. आपला राजा पटाच्या मधोमध उभाय."

ग्राचिकनं कपाळाला हात लावला. "संपलं, होवसेप जान. पोरीनं राजा भर बाजारात नेला." आणि मलाही उचलून मधोमध ठेवलं.

"शुशान, पांढरा राजा कुठंय?"

"त्याच्याजवळच. कोपऱ्याला कोपरा लावून."

होवसेप खुर्चीत पुढं सरकला. चालू डावात दोन राजे असे शेजारी येतच नाहीत. डाव संपला की मात्र आम्हाला मधे आणून ठेवायची रीत आहे. पांढरा जिंकला तर दोघे पांढऱ्या घरांवर, काळा जिंकला तर काळ्या, बरोबरी झाली तर एक पांढऱ्यावर, एक काळ्यावर.

"घर कुठल्या रंगाचं?"

"तो काळाच आहे ना..."

"राजा नव्हे गं. त्याच्या पायाखालचं घर."

शुशाननं फोन नाकाशी नेला. "काळं," ती म्हणाली. मग सावकाश, "दोघांच्याही."

होवसेपनं चाचपडत मला शोधलं. बोट बीवर टेकवून तसाच बसला.

"रडू नका अहो, टाके आहेत."

"मांडू परत?" ग्राचिकनं विचारलं.

"राहू दे."

तेव्हापासून मी इथंच उभा आहे. बीवर थोडी धूळ बसली आहे. खोडावर जगज्जेतेपदाच्या लढतीचा नवा कागद लागला आहे, पहिला डाव वसंतात. त्याआधी ती घरी येणार आहे म्हणे. तोवर मला कुणी हलवू नका. तिलाच मांडू द्या परत.