शनिवारचे तेल

मित्रांनो, शांती नगरातल्या निशिगंधा सोसायटीच्या मीटर रूममध्ये कधी डोकावलात, तर कोपऱ्यात हाताने ढकलायचा एक जुना लॉनमोअर दिसेल. तो मी. हिरवळ कापणे हे माझे काम. होते, असे म्हणायला हवे. माझ्या अंगावर गंज आहे आणि पात्यांना मात्र ताजे तेल आहे. हे दोन्ही मला एकाच माणसाने दिले. त्याच्याबद्दल माझी तक्रार आहे, ती ऐका.

मी इथे टेम्पोतून आलो तेव्हा इमारतीचा रंगही ओला होता. मृणालिनीताई तेव्हा अध्यक्ष होत्या. गिरगावातल्या चाळीत त्यांनी कुंडीपलीकडे हिरवे काही पाहिले नव्हते. "आपल्याकडे लॉन पाहिजेच," असे त्यांनी ठरवले आणि मधल्या जागेत गवताच्या गुंडाळ्या अंथरल्या. माळी म्हणून उत्तन गावचा गॅब्रियल आला. गवत पाहून तो पोट धरून हसला. "आमी गवत उपटून भात लावतो, तुमी भाताच्या जागंवर गवत लावता!"

हसला खरा, पण काम त्याने मन लावून केले. दर शनिवारी तो मला बाहेर काढायचा. त्याची बायको ज्युलिएट कपडे शिवायची. तिच्या शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली तो खिशात घालून आणायचा. "आदी तुना, मग मना," म्हणजे आधी तुला, मग मला, असे म्हणून तो माझ्या पात्यांत चार थेंब सोडायचा आणि मगच आपला डबा उघडायचा. माझ्या लाकडी मुठीवर त्याच्या तळव्यांचे दोन खळगे पडले आहेत. लोक गॅलरीतून म्हणायचे, "काय मस्त कापलंय!" मला वाटायचे, हे माझे कौतुक आहे.

नळाजवळच्या ओल्या कोपऱ्यात एक आगंतुक उगवायची. तिचे नाव जलपिंपळी. बारीक पाने, पांढरी-जांभळी इवली फुले आणि जमिनीला चिकटून पळायची खोड. दर शनिवारी आम्ही दोघे तिच्यावर तुटून पडायचो. ती इतकी बुटकी, की माझ्या पात्यांखालून सटकायची. मग गॅब्रियल तिला हाताने उपटायचा आणि मी मनात म्हणायचो, बरी जिरली.

आता आमच्या माणसांची एक चूक सांगतो. दरवर्षी गणपतीचा मंडप ते त्या लॉनवरच घालत. अकरा दिवस फळ्यांखाली गवताला ना ऊन, ना वारा. विसर्जनानंतर फळ्या उचलल्या की खाली पिवळा चोथा. मग पुन्हा नव्या गुंडाळ्या. एरवी मात्र 'गवतावर चालू नये' अशी पाटी, आणि एखाद्या पोराने पाय ठेवला तरी शिट्टी!

मग एका उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड येऊ लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या नीलमताई मीटिंगमध्ये कडाडल्या, "आम्ही बादल्या मोजतोय आणि हे गवत रोज पाणी ढोसतंय!" त्याच वर्षी विसर्जनानंतर फळ्या निघाल्या, तर सगळीकडे चोथा, पण नळाच्या कोपऱ्यात आठवडाभरात जलपिंपळी पुन्हा हिरवीगार. गॅब्रियल तिथे उकिडवा बसला आणि कितीतरी वेळ त्या पानांवरून हात फिरवत राहिला. मला ते मुळीच आवडले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मला मीटर रूममध्ये आणून ठेवले. "पावसात गंजशील. शनवारी येतो, तेल घालतो."

मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

शनिवारी तो आला, पण माझ्याकडे नाही. दाराच्या जाळीतून मी सगळे पाहिले. त्याने जलपिंपळीचे तुकडे केले आणि वीतवीत अंतरावर लावत गेला, त्याच हातांनी! केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच. भांडून हाकलले असते तरी चालले असते. पण गोड बोलून अंधारात ठेवले, याचा मला संताप आला आणि अजून येतो.

दोन महिन्यांत ती सगळीकडे पसरली. खोटे बोलणार नाही, छान दिसते. पाणी आठवड्यातून एकदा पुरते. पाटी काढून टाकली, पोरे तिच्यावर लोळतात. फुलपाखरे येतात; माझ्या काळात एकही आले नाही. इकडे माझ्या अंगावर सतरंजी पडली, मग मखर पडले. गरज सरो, वैद्य मरो.

एक वर्ष उलटले. मागच्या शनिवारी दाराबाहेर बोलणे ऐकू आले. नवे सेक्रेटरी जितेंद्र म्हणत होते, "गॅब्रियलकाका, आता कापायचं काही राहिलं नाही. पाण्याचा पाईप काय, वॉचमनपण धरतोय. पुढच्या शनिवारपासून राहू द्या."

"मंजी येऊ नको?"

"तसं नाही हो… पण कमिटीचं ठरलंय."

खरे सांगतो, मला आनंद झाला. लाव आता जलपिंपळी, असे म्हणालो मनात.

मग तो खुरपे ठेवायला आत आला. त्याने मखर बाजूला केले, सतरंजी काढली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला. उजवा हात त्याला वर उचलवत नव्हता. डाव्या हाताने त्याने खिशातून तीच बाटली काढली.

"खांदा गेला रं माजा," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली. तुना ढकलवत नव्हता. कुनाला सांगतला असता तर मना तवाच कामावरनं काडला असता. म्हनून ती लावली. वाटला, बसून करायचा काम तरी ऱ्हाईल." चार थेंब पडले. पाती कुरकुरली, मग फिरली. "शनवार चुकला माजा. तुना सांगाला होवा होता."

तो उठला, मुठीवरच्या खळग्यांत एकदा हात ठेवला आणि चावी वॉचमनकडे देऊन गेला.

मित्रांनो, गवताच्या जागी काय लावायचे ते तुम्ही ठरवा. माझे काही म्हणणे नाही. जलपिंपळी चांगली आहे, मी कबूल करतो. पण ज्याचे काम काढून घ्याल, त्याला समोर बसवून खरे सांगा. आणि ज्याने ती आपल्या हातांनी लावली, त्याला बसायला तिच्यावर जरा जागा ठेवा.

आज पुन्हा शनिवार आहे. बाहेर पोरे लोळत आहेत. पात्यांवरचे तेल अजून ओले आहे आणि ज्याच्यावर मी वर्षभर रागावलो, तो आता येणार नाही.