नळीत राहिलेला वारा

पौषात साकोलीच्या तलावावरून धुकं सरकत येई आणि मनोहरकाकांच्या दुकानात भिंतीवर टांगलेली बंदुकीची एक फाटलेली नळी गुणगुणू लागे. वारा खिडकीतून येतो हे मला ठाऊक होतं. तरी त्या स्वरात कुणीतरी श्वास रोखून बसल्याचा भास होई. परवान्याच्या बंदुका दुरुस्त करणारे काका हातातली कानस खाली ठेवत आणि ऐकत राहत.

ती त्यांच्या थोरल्या भावाच्या रायफलीची नळी. मागच्या टोकाशी सावरीच्या बोंडासारखी उकललेली. तरुणपणी भावाच्या हाती काडतूस काकांनीच दिलं होतं. नळीच्या मागच्या खोबणीत, चेंबरमध्ये, ते अलगद बसलं, एवढ्याच पुराव्यावर, मापाचा आकडा न वाचता. पुढचं काका कधी बोलले नाहीत. नळी बोले.

बाजूच्या छापखान्यात आमच्या विवेकवादी मंडळाची पत्रकं छापली जात, म्हणून माझं जाणं-येणं. शस्त्रांची मला चीड होती, आजही आहे. पण न वाचता कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हे पत्रकांतलं तत्त्व जगताना मी पाहिलं ते काकांनाच. बंदुकीचा मागचा सरकता बोल्ट काढून ते नळी उजेडाकडे धरत. आत प्रकाशाचं वर्तुळ, न मिटणाऱ्या डोळ्यासारखं. मग मालकालाच मोठ्याने वाचायला लावत: आधी नळीवर कोरलेली मापाची खूण, नंतर काडतुसाच्या बुडावरची. अर्धं जुळलेलं त्यांना चालत नसे.

एकोडीचा प्रशांत मेलेल्या वडिलांची रायफल आपल्या नावावर करून आला, सोबत वडिलांच्याच डब्यातली काडतुसं.

"बंदूक तपासून राहिले का नवरी पाहून राहिले, काका?" तो हसला. "बसते ना, अल्लाद बसते!"

"बसते म्हणूनच भेव आहे, बाबू. दादालेही बसलं होतं."

"माह्या बापाचा डबा आहे. बाप खोटा का?"

"बाप खरा. डब्यात कोनं काय टाकलं, कोनाले ठाव? नवरी चुकली त मानूस रडते. हे चुकलं त रडाले डोळेच उरत नाही. वाच."

प्रशांतने नळीवरची खूण वाचली. काडतुसावरची वाचताना पहिला आकडा जुळला. दुसरा वेगळा निघाला. भिंतीवरची नळी तेवढ्यात घुमली. त्याने वर पाहिलं, फाटलेलं टोक पाहिलं, आणि डबा काकांपुढे सरकवला.

यंदाच्या पौषात काका गेले. तलावाकाठच्या सरणापाशी, धुक्यात, प्रशांत सगळ्यांच्या मागे उभा होता. त्याचे दोन्ही डोळे वाहत होते, आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

दुकानाला आता कुलूप आहे. खिडकी मात्र कुणी लावली नाही. वारा आत जातो, नळी घुमते, पण त्या स्वरात आता दोघा भावांचे दोन श्वास ऐकू येतात. माणूस निघून गेल्यावरही काळ त्याची चूक विसरत नाही. कधीकधी तेवढीच जपून ठेवतो, दुसऱ्या कुणाचे डोळे शाबूत राहावेत म्हणून.