दुप्पट खळ

वाडीत सरकारी कागद आला की चावडीवर वाचायचा मीच. अक्षरं वळखणारे आनखी दोघं हुते, पन वाचता वाचता हसवनारा मी एकटा.

त्र्याहत्तर साली घोंगडी मंडळाचा कायदा बदलला. मंडळ सरकारचं. आमाला लोकर द्यायचं, विणलेलं घोंगडं घ्यायचं. आता विधानसभेनं त्याला नवं रूप दिलं म्हनं. माल परदेशी धाडायचा, लोकर मिळायचे जुने नंबर समदे रद्द, परीक्षा पास हुईल त्यालाच नवा नंबर. आनि पहिल्यांदाच बाईच्या नावावरबी नंबर.

त्या एका ओळीसाठी राहीवैनी दाराआड उभी हुती. तिचा नवरा बन्सी उजव्या अंगानं लुळा पडलेला. माग तीच चालवायची, नंबर मातर बन्सीचा. नंबर गेला तर लोकर बंद. मंग त्याला घरात कोंडून दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं.

कागदात फुडं लिव्हलं हुतं, घोंगड्याला चिंचोक्याची खळ लावू नये. आमी तर पिढ्यान्‌पिढ्या खळ चोळून घोंगडं ताठ करनारे. समोर आमच्यातलाच एक इनकर, सहादेव, मिशी पिळत बसलेला. त्याला बघून माझी जीभ वळवळली.

"खळ दुप्पट लावावी!" मी ठसक्यात वाचलं. "घोंगडं साहेबाफुडं आपल्या पायावर उभं ऱ्हायलं पायजे!"

सहादेव उठला, "आत्ताच चिंचोके भिजवतो!" लोक लोळलं हसून. मंग मी खरी ओळ वाचली. दाराकडं बघायचं सुचलं न्हाई. वैनी तवर गेलती.

परीक्षेदिशी एस्टीत चढलो तर वैनीच्या मांडीवर घोंगडं. पाटासारखं ताठ.

"वैनी, ह्ये काय केलं?"

"तुमी वाचलं तसंच. दोन दिस खळ चोळली भावजी, बोटं सोलली."

"आवं, ती चेष्टा हुती! लावू नये असं लिव्हलंय!"

वैनी खुदकन हसली. "आज तरी चेष्टा नका करू. आदीच छातीत धडधडतंय."

"बन्सीची आन!"

"गेल्या साली आईची आन घेऊन मला वाघ दावायला नेलंत. वाघ कुटला, इमामबीची मांजर हुती."

समदी एस्टी हसली. सहादेव लई हसला. मी खिडकीतनं बघत ऱ्हायलो, वाटंत खळ धुवायला कुटं पानी दिसतंय का. हिरी कोरड्या, वढे कोरडे. नागापूरला उतरलो तवा माझं घोंगडं तिच्या हातात कोंबलं. "ह्ये दावा. बिनखळीचं हाय."

तिनं परत दिलं. "परीक्षा माझ्या हाताची हाय भावजी. तुमच्या न्हाई."

मंडळाच्या गोडाऊनात पान्याची टाकी. घोंगडं बुडवायचं, पानी पांढरं झालं की नापास. वैनीनं मोठ्या तोऱ्यात आपलं घोंगडं साहेबाफुडं उभं केलं. ते खरंच उभं ऱ्हायलं. साहेबानं ते आडवं करून टाकीत ढकललं.

पानी पेजंवानी झालं.

मी साहेबाच्या पायाशी बसलो. "साहेब, तिची चूक न्हाई. मी खोटं वाचलं. माझा नंबर तिला द्या."

"कोण हा?" साहेबानं इचारलं.

"आमचा छगन्या," सहादेव हसून हसून आलेलं डोळ्यातलं पानी पुशीत म्हनला. "त्याचं मनावर घिऊ नका, सोंगाड्या हाय."

साहेब बी हसला. "नंबर असा देता येत नाही. बाई, पुढच्या वर्षी या."

वैनीनं कागद मागितला. "खळीची ओळ कंची?" साहेबानं बोट ठिवलं. तिला वाचता येत न्हाई, तरी त्या बोटाखाली लई येळ बघत ऱ्हायली. मंग माझ्याकडं बघितलं. एस्टीतलं हसू आता कुटंच नव्हतं.

"फुडल्या सालापत्तुर खडीच का?" तिनं मला इचारलं.

तिनं टाकीतनं घोंगडं वढलं, एक टोक माझ्याकडं केलं. "धरा."

आमी पिळत ऱ्हायलो. पांढरं पानी माझ्या पायावर पडत हुतं, घोंगड्यातली खळ काय सरंना. मला रडू फुटलं.

"बघा बघा!" मागनं सहादेव वरडला. "आता रडून दावतोय!"