गुटीची वाटी

हैद्राबाद सुटून आमचं जळकोट मुंबई राज्यात गेलं, त्याच साली फरिदाबी नर्स दवाखान्यात आली. एवढीशी पोर! म्या म्हणलं, हिला काय कळतंय? आख्ख्या गल्लीची लेकरं माझ्या, या शांतम्माच्या गुटीवर वाढलेली.

आन् एका दुपारी माझीच नात, दोन वर्षांची चन्नी, तापानं फणफणली. बघता बघता आकडी आली. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली. माझा ल्योक कल्याणप्पा दवाखान्याकडं पळाला. शेजारच्या गौराबाईनं कांदा फोडून नाकाला लावला. म्या गुटी उगाळून वाटी भरली आन् चमच्यानं दात उघडायला बसले, तेवढ्यात फरिदाबी दारात.

"अव्वा, वाटी खाली ठेवा!"

"अगं, औषध तोंडातून न्हाय तर कुठनं जाणार?"

"तिला शुद्ध न्हाय, गिळता येत न्हाय. हे छातीत गेलं तर लेकरू गुदमरंल." तिनं वाटी माझ्या हातातनं काढून घेतली, चन्नीला कुशीवर वळवलं.

"मग सुई तरी टोच की, बये!"

तिनं काचेची पिचकारी काढली, पण सुई लावलीच न्हाय. बारीक रबरी नळी लावली आन् औषध लेकराच्या मागच्या बाजूनं आत सोडलं. घरभर त्या औषधाचा उग्र वास. गौराबाईनं "शिव शिव" म्हणत तोंडाला पदर लावला. माझं तर डोस्कंच फिरलं. "असलं औषध जल्मात बघितलं न्हाय!"

फरिदाबीनं वरबी बघितलं न्हाय. "अव्वा, पुढचं दार लागलं तर तुम्ही बाहेर बसून राहता का? परसदारानं जाताच की. औषधबी तिकडनं रक्तात जातं."

थोड्या वेळानं चन्नीची आवळलेली मूठ सुटली. श्वास सरळ झाला, लेकरू झोपलं. मला रडूच फुटलं. ऊन अंगणातनं उतरेपर्यंत फरिदाबी तिच्या छातीवर हात ठेवून बसली व्हती.

चन्नीनं डोळे उघडले. "अव्वा, पानी."

फरिदाबीनं आधी चमचाभर पानी पाजून बघितलं. लेकरानं गिळलं. मग तिनं तापाची गोळी चेचून साखरपान्यात कालवली. कशात? माझ्याच वाटीत! कवा धुतली, कवा उकळली, देव जाणे. केवढी गुणाची पोर!

वाटी तिनं माझ्या हातात दिली. "आता पुढचं दार उघडलंय, अव्वा. तुमच्या हातानं पाजा."

म्या वाटी चन्नीच्या ओठाला लावली. फरिदाबीनं खालून माझं मनगट धरलं, आन् आमी दोघींनी मिळून चन्नीला औषध पाजलं.